मधल्या खोलीतलं इंग्रजी

करडई काढायला आली की माझा डावा पाय दुखतो. डॉक्टर म्हणतात, हाड केव्हाच जुळलंय, आता दुखायचं कारण नाही. कारण नसेल, पण पाय माझा आहे आणि मार्च लागला की त्याला बरोबर कळतं. दुपारी पत्रे तडतडायला लागतात. रस्त्यावर हरभऱ्याचं भुसकट उडून डोळ्यात जातं. ओट्याओट्यावर बाया चिंचा फोडायला बसतात आणि कुठल्या तरी घरातून एखादं पोरगं एकाच ओळीवर अडकून तीच ती ओळ म्हणत राहतं. ती ओळ इंग्रजी असली की पाय ठणकतो आणि मला माझ्या माहेरची मधली खोली आठवते.

यंदा तर बोलावणंच आलं. वहिनीचा फोन आला, लेकीची, गौरीची दहावी आहे, इंग्रजीच्या पेपराला तुमी पाहिजेत. मी म्हटलं, मी येऊन काय दिवे लावणार? माझं इंग्रजी तुला ठाऊक नाही का? तर म्हणाली, इंग्रजीचं सोडा ताई, तुमी नुसतं येऊन बसा. मग काय, सासरहून, चुडाव्याला पॅसेंजर धरली, परभणीला उतरून एसटी पकडली आणि बोरीला माहेरी येऊन खरोखर नुसती बसले. मधल्या खोलीत, त्याच खाटेवर. लोखंड आहे, कुरकुरतं, पण मोडत नाही.

आमचं घर म्हणजे पुढं दुकान, मागं स्वयंपाकघर आणि दोन्हींच्या मधे एक खोली. दुकान किराण्याचं. गूळ, खोबरं, सरकीची पेंड, तंबाखू असा सगळ्यांचा मिळून एक वास पडद्याखालून आत यायचा, मागून फोडणीचा यायचा, आणि मधल्या खोलीत दोघांची गाठ पडायची. दुकानात गादीवर अप्पा, म्हणजे माझे वडील. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग आणि तोंडात शब्द मोजके. स्वयंपाकघरात वहिनी, महानंदा. आणि मी सांगतेय त्या मार्चमध्ये दोघांच्या मधे, खाटेवर, मी. परभणीला कॉलेजात होते. स्टँडवर एसटीतून उतरताना पाय मुडपला आणि मांडीपर्यंत प्लास्टर घेऊन घरी आले. हलायची सोय नव्हती, हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यामुळंच घडलं.

आमच्याकडं सून सासऱ्याशी बोलत नसे. मनाई नव्हती आणि भांडण तर मुळीच नव्हतं. तसं चालत आलं होतं, एवढंच. अप्पांना चहा हवा असला की ते तराजूकडं बघत म्हणायचे, "चहाचं बघा म्हणावं." वहिनी पदर पुढं ओढून दाराच्या चौकटीला सांगायची, "ठिवलाय म्हणावं." कोणी कोणाला म्हणावं याची चौकशी कुणी करायची नाही. मधे माणूस असलं तर त्यानं निरोप उचलायचा, नसलं तर चौकट पोचवायची. वहिनी घरात येऊन काही वर्षं झाली होती, गौरी चालायला लागली होती, आणि या दोघांचं एक सरळ वाक्य अजून कुणी ऐकलं नव्हतं.

वहिनीचं इंग्रजी राहिलं होतं. आमच्याकडं नापास झाली असं म्हणत नाहीत, विषय राहिला म्हणतात. स्थळ आलं तेव्हाच तिच्या वडलांनी सांगून टाकलं होतं, पोरीची दहावी झालीय, फक्त इंग्रजी राहिलंय. अंगावरचा एखादा डाग आधीच सांगून टाकावा तसं. लग्नाआधी तिनं पुन्हा बसून बघितलं, लग्नानंतर एकदा बघितलं, इंग्रजी काही हललं नाही. तिनंही नाद सोडला असता. पण गौरीच्या वेळी ती जिंतूरच्या दवाखान्यात अडली, माझा दादा येलदरीला ड्यूटीवर, आईला रक्त बघून भोवळ आलेली, आणि गावातली आशाताई, बाळंतिणींना दवाखान्यात नेणारी सरकारी कामाची बाई, तेवढी तिचा हात धरून शेवटपर्यंत बसून राहिली. त्या हाताची तिला भूल पडली. मला ती म्हणाली होती, ताई, मला असं कुणाजवळ तरी बसायचंय. आता ती आशाताई वयानं थकली होती, काम सोडणार होती. जागा एक आणि अट दहावी पास.

आईनं परवानगी दिली, पण आईच्या पद्धतीनं दिली. यंदा झालं तर झालं, म्हणाली, न्हाई झालं तर पुन्हा या घरात इंग्रजीचं नाव काढायचं न्हाई. वहिनीनं मान हलवली. तिचा चेहरा मला दिसत होता. ती हसत नव्हती.

प्रश्न आला, शिकवणार कोण? गावात शिकवणी होती, पण तिथं शेंबडी पोरं बसायची, त्यांच्यात लेकुरवाळी सून कशी बसणार? दादा येलदरीच्या वीजघरात कामाला. त्याच्या इंग्रजीत फक्त मशीन चालू व्हायचं आणि बंद पडायचं, आणि घरी तो झोपायलाच यायचा. सगळे विचारात पडले. तेवढ्यात पडद्यापलीकडून अप्पांचा आवाज आला, "इंग्रजी माझ्याकडं."

अप्पा जुने मॅट्रिक. औषधाच्या बाटलीवरचं, फवारणीच्या डब्यावरचं, इंजिनाच्या पुस्तकातलं, असलं सगळं इंग्रजी गाव त्यांच्याकडं घेऊन यायचं. ते चष्मा कपाळावर चढवून वाचायचे आणि माणूस समाधानानं परत जायचा. त्यांच्या इंग्रजीवर शंका घेण्याची कुणाची टाप नव्हती. तेव्हा तो प्रश्न मिटला. मग सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं की शिकवणारा सासरा आहे आणि शिकणारी सून.  हळूहळू सगळ्यांची नजर माझ्या खाटेकडं वळली.

झालं. दुसऱ्या दिवसापासून मी नळ झाले. इकडून ओतायचं, तिकडून काढायचं.

बाकीचं व्याकरण वहिनीला बरं येत होतं. तिची गाडी अडायची ती एका ठिकाणी. इंग्रजीत काही क्रियापदं अशी असतात की ती क्रियापदाचं काम सोडून दुसऱ्याची कामं करतात. कधी नाव होऊन बसतात, कधी विशेषण होऊन दुसऱ्याच्या पुढं पुढं करतात, कधी 'टु' चा हात धरून कुठंही शिरतात. जेरंड, पार्टिसिपल, इन्फिनिटिव्ह. पुस्तकात ही तिन्ही नावं ठळक अक्षरात होती आणि वहिनी त्यांना घाबरायची. अप्पांनी पडद्यापलीकडून पहिला धडा सोडला, "शैले, तिला सांग, स्विमिंग इज अ गुड एक्झरसाइज. यातलं स्विमिंग हे जेरंड. पोहणं. क्रियापद हाय, पण नाव होऊन बसलंय."

मी मान मागं वळवून तेच वहिनीला सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "त्यांना विचारा, पोहणं चांगलं म्हणायलेत, पण पोहायचं कुठं?"

मी ते पुढं पोचवलं.  विहिरींनी तळ गाठायची वेळ आली होती आणि येलदरी धरणाच्या पाण्यात बायामाणसं पोहत नसत. अप्पांनाही ते पटलं असावं, कारण त्यांनी पुस्तक मिटल्याचा आवाज आला. तिथून पुढं त्यांनी पुस्तकातलं एक उदाहरण घेतलं नाही. सेलिंग शुगर इज अ गुड बिझनेस, असं नवं वाक्य आलं. साखर विकणं. वहिनीनं ते पोळी लाटता लाटता पाठ केलं आणि पोळीवर पोळी पडत गेली.

'टु' चं प्रकरणही असंच मिटलं. अप्पा म्हणाले, 'टु' च्या मागं येणारं क्रियापद दागदागिने काढून येतं, शेपटी न्हाई, झालर न्हाई, आहे तसं. वहिनीला ते इतकं आवडलं की दिवसभर ती मनाशी टु गो, टु कम, टु इट करत फिरत होती. मधेच टु वेंट म्हणाली आणि आपली आपणच जीभ चावली.

पार्टिसिपलच्या वेळी मात्र माझ्यावर बेतलं. क्रियापद विशेषण कसं होतं हे काही केल्या वहिनीच्या डोक्यात शिरेना. अप्पांनी चार उदाहरणं दिली, मी चारही नेली, चारही परत आली. मग त्यांना सुचलं. पडदा बाजूला झाला, त्यांचा एक हात आत आला आणि त्यांनी माझ्या प्लास्टरकडं बोट दाखवलं.

"तिला सांग, ब्रोकन लेग. पाय मोडला, तेव्हा ते क्रियापद होतं. मोडणं संपलं. पण शब्द पायाला चिकटला, आता जाईल तिथं पायाच्या पुढं हाच. मोडलेला पाय."

मागून वहिनीचा आवाज आला, "कळलं म्हणावं." याआधी इतक्या लवकर तिला काहीच कळलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण पुढं सगळ्या गावाला तेच उदाहरण मिळालं. तेलाची बाटली घेऊन आलेली बाई पडद्याआडून डोकवायची आणि विचारायची, हीच का ती ब्रोकन? पेंड न्यायला आलेले शेतकरी गाडी बाहेर थांबवून एक धडा ऐकून जायचे. माझा बाप माझ्या पायावर गाव शिकवत होता आणि मी खाटेवर पडून दात खात होते.

दूध उतू गेलं तेही त्याच आठवड्यात. अप्पा सांगत होते, बॉइलिंग मिल्क वेगळं आणि बॉइल्ड मिल्क वेगळं. एक उकळायलंय, एक उकळून झालंय. वहिनी दाराच्या चौकटीशी येऊन, कान देऊन ऐकत होती. मागं चुलीवर दूध होतं. उकळायलेलं दूध उकळलेलं व्हायला किती वेळ लागतो, हे आम्हा तिघांनाही वासानंच कळलं. आई चिंचा फोडत मागच्या ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "आता त्याला काय म्हणायचं ते बी सांगा, म्हंजे फडकं घेते." 

आईचा इंग्रजीवर राग होता, पण कान पक्का होता. जेरंड म्हणजे काय ते तिनं वहिनीच्या आधी पकडलं. दिवसभर गादीवर बसून राहणाऱ्या आमच्या अप्पांना ती जेरंड म्हणायला लागली. का, तर बसणं हेच त्यांचं नाव. दादा रात्रपाळी करून येऊन दुपारभर घोरला की तोही जेरंड. अप्पांनी पडद्यामागून तिची चूक काढायचा प्रयत्न केला, पण आईशी ते सरळ बोलू शकत होते, म्हणून तिथं लगेच हरले.

माझं म्हणाल तर मी वैतागले होते. प्लास्टरच्या आत खाज सुटायची, गौरी त्याच्यावर बसून घोडा घोडा खेळायची, आणि वर हे येणंजाणं. अप्पांनी दहा वाक्यं सांगितली की मी त्यातली दोन सोडायचे. कोण बघायला बसलंय? एकदा असंच सोडलेलं नेमकं अप्पांनी विचारलं. वहिनीला आलं नाही. अप्पा म्हणाले, "तिला म्हणावं, हे कालच सांगितलं होतं." वहिनी म्हणाली, "त्यांना म्हणावं, माझ्यापर्यंत आलंच न्हाई. ताई गाळून सांगायल्यात."

आता बघा माझी पंचाईत. ही तक्रार माझ्याच विरुद्ध, आणि पोचवायची मीच. मी म्हटलं, अप्पा, वहिनी म्हणतेय की आज उकाडा फार आहे. मागून भांडं आपटल्याचा आवाज आला. पडद्यापलीकडं अप्पांनी तराजू खाली ठेवला. "तिला सांग," ते म्हणाले, "मला ऐकू येतं." म्हणजे दोघांना एकमेकांचं सगळं आधीच ऐकू येत होतं. भिंत होती कुठं? पडदा होता, तोही आईच्या जुन्या लुगड्याचा. मग मी काय करत होते इतके दिवस? पण दोघांपैकी कुणी पदर सोडला नाही की पडदा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा "शैले, तिला सांग" सुरू झालं.

एक दुपार मात्र माझ्या मनात राहिली आहे. ऊन इतकं की दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. वहिनी ओट्यावरून आत येऊन, चिंचेच्या चिकट हातांनी चौकटीला टेकून उभी. अप्पा सांगत होते आणि त्या दिवशी मी एक शब्द न गाळता पोचवत होते. ते म्हणाले, जेरंड कितीबी नाव होऊन बसलं तरी त्याच्यातली क्रिया जात न्हाई. साखर विकणं म्हणलं की साखर लागतेच, विकणारा लागतोच. वरून नाव, आत काम चालूच. वहिनी बोटांवरचा चिंचेचा चिकटा पुसत राहिली. या घरात ती पहाटेपासून काय काय करायची. झाडायची, भरायची, मळायची, धुवायची. पण तिला कुणी तिच्या करण्यावरून ओळखत नव्हतं. ती सूनबाई होती, वहिनी होती, गौरीची आई होती. मग ती हळूच म्हणाली, "म्हंजे आत चालूच असतं." हे कुणाला सांगायचं ते तिनं सांगितलं नाही, म्हणून मी पोचवलं नाही.

पेपराचा दिवस आला. केंद्र जिंतूरला होतं. दादाची पाळी बदलून मिळाली नाही, तेव्हा न्यायचं अप्पांनी, असं ठरलं. आणि अप्पा नेणार म्हणजे मी बरोबर पाहिजेच, नाही तर वाटेत दोघं बोलणार कसे? माझं प्लास्टर अजून निघालं नव्हतं. आईला हे सगळं वेडेपणाचं वाटत होतं, पण तिनंही त्यावर दुसरा उपाय सुचवला नाही. ती दुकानाच्या गादीवर जाऊन बसली. सकाळी पूजा झाल्यावर अप्पांनी चिमूटभर भस्म माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, तिला लाव म्हणावं. ते भस्मसुद्धा माझ्या हातावरून गेलं.

ऑटोत अप्पा पुढं ड्रायव्हरच्या शेजारी अर्धे बाहेर, मागं वहिनी अंग चोरून कोपऱ्यात आणि उरलेली सगळी जागा माझ्या पायाला. दोन्ही बाजूंना कापलेल्या करडईचे ढीग, काटे लागू नयेत म्हणून हातापायाला फडकी गुंडाळलेल्या बाया, गरम वारा. त्यात यांचं चालूच. शैले, तिला विचार, हॉल तिकीट घेतलं का. त्यांना म्हणावं, घेतलं. पेन विचार. दोन घेतलेत म्हणावं. शेवटी ड्रायव्हर वैतागला. "अप्पा," तो म्हणाला, "त्या मागंच बसल्यात की. सरळ बोला ना." अप्पा रस्त्याकडं बघत राहिले. वहिनीनं पदर आणखी पुढं घेतला. ड्रायव्हरला आमच्याकडची पद्धत माहीत होती, त्याच्याही घरात तीच होती, पण त्याच्या घरी मोडका पाय घेऊन कुणी मधे बसलेलं नसावं.

शाळेसमोर गर्दी. परीक्षा द्यायला एक आणि धीर द्यायला चार, अशी घरंच्या घरं आलेली. कुणी लिंबू सरबत पाजतंय, कुणी देवाचा अंगारा लावतंय, एक आजोबा तर नातवाला शेवटच्या घटकेला निबंध म्हणून दाखवत होते. आमचा ऑटो रस्त्याच्या पलीकडं कडुलिंबाखाली लागला. मला उतरता येणार नव्हतं. वहिनी उतरली आणि फाटकाकडं निघाली. चार पावलं अंतर ठेवून मागं अप्पा, हातात तिची पाण्याची बाटली.

वहिनी आत गेली. मी सुटकेचा श्वास सोडणार, एवढ्यात ती मागं वळलेली दिसली. ती फाटकापाशी परत आली आणि गजांना धरून उभी राहिली. अलीकडं अप्पा. आणि मधे कुणी नाही. मी ऑटोत अर्धी उठले. सवय अशी लागली होती की मला वाटलं, आता मी काय ते विचारायला हवं. ओरडले सुद्धा, काय म्हणायलीय? पण गाड्यांच्या आवाजात कुणाला ऐकू जातंय? वहिनीचे ओठ हलले. तिचा पदर डोक्यावरून घसरून खांद्यावर आला आणि तिनं तो वर घेतला नाही. अप्पांनी काहीतरी उत्तर दिलं. अगदी थोडं. मग वहिनीचे खांदे हलायला लागले, तिनं तोंडावर हात धरला आणि ती पळतच आत गेली. मला वाटलं, रडली.  सगळं गेलं, आशाही गेली आणि इंग्रजीही गेलं, असं वाटलं.

अप्पा परत आले, वहिनीची बाटली उघडली आणि सगळं पाणी आपणच पिऊन टाकलं. मी विचारलं, काय म्हणाली? "काय न्हाई," ते म्हणाले. मग तुम्ही काय म्हणालात? "काय न्हाई." पेपर सुटेपर्यंत मी तेच विचारत होते आणि ते लिंबाच्या शेंड्याकडं बघत होते.

संध्याकाळी घरी आल्यावर वहिनीनं पदर सारखा केला, चौकटीशी आली आणि म्हणाली, "त्यांना म्हणावं, बरा गेला." पडद्यामागून आलं, "तिला म्हणावं, कळलं." मी खाटेवरून ओरडले, अरे, सकाळी बोललात की! मी या डोळ्यांनी बघितलंय!  आईनं चिंचेची फोड तोंडात टाकली आणि माझ्याकडं बघून मान हलवली.

निकाल लागला. वहिनीचं इंग्रजी निघालं. काठावर निघालं, पण काठावर निघणारा बुडत नाही, एवढं आम्हाला पुरेसं होतं. ती मागच्या ओट्यावर जाऊन मनसोक्त रडली. अप्पांनी त्या आठवड्यात येईल त्या गिऱ्हाइकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. कशाबद्दल असं कुणी विचारलं की म्हणायचे, सूनबाईला विचारा. आणि आशाची जागा तिलाच मिळाली.

माझं प्लास्टर निघालं, मी परभणीला गेले, मग लग्न होऊन चुडाव्याला. पहिले काही महिने म्हणे ते दोघं माझ्या रिकाम्या खाटेला सांगायचे. ही कोंडी फुटली कशी ते आईनं मला फोनवर सांगितलं. वहिनी घरोघर माहिती घेत हिंडत होती. हिंडत हिंडत आमच्या घरापर्यंत आली, आणि मागच्या दारानं न येता दुकानाच्या पायऱ्या चढून पुढून आली. खांद्याला बॅग, हातात पेन. गादीसमोर उभी राहून म्हणाली, "घरात माणसं किती?" अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. सरकारी माणसाला उत्तर द्यावंच लागतं. म्हणाले, "लिहून घ्या." सगळ्यांची नावं, वयं, कुणाला काय दुखतं, सगळं सरळ सांगितलं. सुनेशी न्हाई बोलले, आई म्हणाली, आशाताईशी बोलले. एकदा तोंड उघडल्यावर मग कुणाशी बोलतोय ते बघत बसतंय कोण?

आता अप्पांना कमी ऐकू येतं. कानाचं मशीन आहे, पण ते खिशात असतं. वहिनी स्वयंपाकघरातून ओरडते, अप्पा, गोळी घेतली का? अप्पा दुकानातून ओरडतात, घेतली. खोटं बोलू नका, इथं पाकिटात दिसायलीय. परवा गौरीला पार्टिसिपल समजावताना तर दोघांची चांगलीच जुंपली. वहिनी म्हणाली, अप्पा, तुमचं जुनं झालं, आता असं शिकवत न्हाईत. अप्पा म्हणाले, तुला कुणी शिकवलं मग? माझ्या डोक्यावरून इंग्रजी इकडून तिकडं जात होतं आणि मला कुणी काही विचारत नव्हतं. आई म्हणते, बोलत न्हवते तेव्हाच बरं होतं, दुपारी डोळा तरी लागायचा.

काल सकाळी गौरी पेपराला निघाली. केंद्र गावातच आहे, चालत जायचं. देवापुढं डोकं टेकवलं, आजीच्या पाया पडली आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन थांबली. तोंड पांढरं पडलेलं. मागं वळून म्हणाली, "आई, मला काईच आठवंना."

वहिनी डबा भरत होती. तिचा हात थांबला. ती पुढं आली आणि गादीकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "अप्पा, ऐकलं का?"

अप्पांच्या कानात काल मशीन होतं. "ऐकलं," ते म्हणाले. आणि मग सासरा आणि सून, दोघं एकदम म्हणाले, "मलाबी."

म्हणाले आणि हसायला लागले. अप्पांचं बोळकं तोंड उघडलं ते मिटेना. वहिनी दाराच्या चौकटीला धरून हसत होती, खांदे हलत होते, तोंडावर हात. तो हात बघितला आणि मी खाटेवरून उठले. तेच खांदे, तोच हात. मी म्हटलं, त्या दिवशी फाटकापाशी हेच का? वहिनीनं डोळे पुसत मान हलवली. म्हणाली, "मी म्हणले, अप्पा, मला काईच आठवंना. इतके दिवस शिकवलं, आता चिडतील, म्हणून जीव खाली-वर व्हायलता. तर म्हणाले, मलाबी. जा, लिही."

म्हणजे ती रडलीच नव्हती. इतकी वर्षं मी तिला फाटकात रडवत होते. मला आनंद झाला आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. इतके दिवस माझ्यावरून सगळं गेलं, साखर, दूध, माझा पाय, चिमूटभर भस्मसुद्धा. आणि ज्या एका शब्दावर वहिनी पास झाली तेवढा नेमका मला चुकवून गेला.

गौरीलाही हसू फुटलं होतं. अप्पांनी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. ती खडा चोखत पायऱ्या उतरली आणि रस्त्याला लागली. वहिनी तिच्याकडं बघत दुकानात उभी राहिली, अप्पा गादीवर, दोघं हळू आवाजात काहीतरी बोलत होते. मी आत येऊन खाटेवर पाय लांब केला. पडदा केव्हाच काढून टाकलाय. पुढचं-मागचं सगळं दिसत होतं आणि मला कुणाला काही सांगायचं नव्हतं.